हळदीकुंकू आणि कचऱ्याची पेटी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मुळ्यांच्या बैठकीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुणी केला ते आशिषच्या आईला, अंबिकाबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आशिषला तो कधी जाचलाही नाही. बायका पुढे गौरीच्या पाळण्यापाशी आणि हा मागे आंबेडाळीच्या पातेल्यापाशी, ही वाटणी त्याला मनापासून पसंत होती. आज मात्र पन्हं गाळता गाळता त्याने बाहेरून "काए अम्माजी, हमें देर तौ नईं हो गई?" हा आवाज ऐकला आणि गाळणं तसंच सोडून तो पडद्याकडे बघत राहिला.

मिठाईवाल्या मुकेशची बायको, रजनी भाभी. आणि गल्लीतल्या यशवंतकाकांची सून दीप्ती तर मघापासूनच आत येऊन बसलेली.

"मेलो," आशिष पुटपुटला.

"काय म्हणालात, जावईबापू?" कैऱ्यांची सालं गोळा करता करता सासूबाईंनी मान वर केली.

"काही नाही, राधाआई. वेलची राहिली घालायची."

"घातलीत हो. दोनदा घातलीत."

राधाबाई कालच गाडीने आल्या होत्या, थेट देवखाडीहून. देवखाडी म्हणजे कोकणातलं समुद्रकाठचं चिमुकलं शहर, आणि राधाबाई तिथल्या नगरपरिषदेच्या माजी नगराध्यक्षा. लेक निवेदिता झाशीत पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाल्यापासून त्या पहिल्यांदाच येत होत्या. त्यांच्यासमोर जावयाची शोभा व्हायची वेळ आली होती, आणि पळायला वाटही नव्हती. मागचं दार गल्लीत उघडत होतं खरं, पण गल्लीत मुकेश होता.

आता आशिषने केलं काय होतं, ते सांगायला हवं. लक्ष्मी गेटच्या आतल्या त्यांच्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षं कचरा टाकला जायचा तो शाळेच्या भिंतीला. तिथे गाई चरत, कुत्री भांडत, पोरं नाक दाबून शाळेत जात. निवेदिता निवडून आली ती हाच ढीग हलवीन म्हणून. दहा महिने तिने नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे एक मोठी झाकणाची लोखंडी पेटी मंजूर झाली. रोज सकाळी गाडी येणार, पेटी उचलून रिकामी करणार, ढीग कायमचा बंद. फक्त पेटी कुठे ठेवायची ते मोहल्ल्याने सांगायचं. उद्या निगमाच्या सदनाची बैठक होती. उद्या जागा सांगितली नाही तर पेटी दुसऱ्या वॉर्डात जाणार, आणि गाई होत्या तिथेच चरत राहणार.

जागा दोनच बोलल्या जात होत्या. मुकेशच्या दुकानामागची मोकळी जमीन, नाहीतर यशवंतकाकांच्या फाटकाजवळचा कडुनिंब. मुकेशने आशिषला गरम जिलबी खिलवली, "पार्षदजी, आपही कुछ कीजिए" म्हणाला, आणि आशिष म्हणाला, "चिंता मत करो, नीम के नीचे रखवा देंगे।" मग यशवंतकाका भेटले. निवडणुकीला दीप्तीला उभं करायचं त्यांच्या मनात होतं, ते जमलं नाही म्हणून काकांनी ह्या घराशी बोलणंच टाकलं होतं. त्या काकांनी चक्क त्याला "बाळा" म्हणून हाक मारली. बाळाचं काळीज लोण्यासारखं वितळलं. "काका, पेटी मुकेशच्या दुकानामागे जाईल. पार्षदाचा शब्द समजा."

ही दोन्ही वचनं एकाच आठवड्यातली. वेळ आली की बघू, असं त्याने ठरवलं होतं, आणि वेळ आता मोगऱ्याचा गजरा माळून बैठकीत बसली होती.

ह्यात आशिषचा दोष होता तसा मोहल्ल्याचाही होता. आमच्याकडे बायको निवडून आली की नवरा आपोआप पार्षद पती होतो. त्याला कुणी मत देत नाही, त्याची शपथ होत नाही, पण लोक नमस्कार त्यालाच आधी करतात. बँकेत दिवसभर "मुळ्येजी, सर्वर बंद है क्या?" एवढंच ऐकणाऱ्या माणसाच्या अंगावर त्या नमस्काराने मूठभर मांस चढलं. गल्लीच्या तोंडाशी घरची मोकळी जागा होती. तिथे त्याने पत्र्याची शेड उभारली, खुर्च्या मांडल्या, कूलर लावला, बोर्ड टांगला. बोर्डावर 'निवेदिता मुळ्ये' बारीक होतं आणि 'आशिष मुळ्ये' ठसठशीत. पेंटरची चूक, असं तो सांगायचा.

निवेदिताने हे सगळं हसून चालवून घेतलं होतं. अट एकच घातली होती. "बस, लोकांचं ऐक, त्यांना चहा पाज. पण माझ्या नावाने कुणाला शब्द देऊ नकोस. एकदा जरी दिलास, तर मी पद सोडेन." आणि निवेदिता बोलायची ते करायची. चौदा वर्षांच्या संसारात त्याने हे पुरतं अनुभवलं होतं.

बाहेर हळदीकुंकू लागत होतं, भिजवलेले हरभरे ओटीत पडत होते. आशिष दाराच्या पडद्याला कान लावून उभा राहिला.

"वहिनी, सासऱ्यांनी खास निरोप दिलाय हं," दीप्तीचा आवाज आला. तिचं मराठी माहेरच्या हिंदीतून वाट काढत यायचं. "म्हणाले, निवेदिताला सांग, फार मोठं मन आहे पोरीचं. आमचा नीम वाचवला."

"कुणी वाचवला? मी?" निवेदिताने विचारलं.

"मग! पेटी मुकेश भैयांच्या दुकानामागे ठेवणार ना तुम्ही. आशिष भैयांनीच सांगितलं."

बांगड्यांची किणकिण एकदम थांबली.

"कौन की दुकान के पाछें?" रजनी भाभी म्हणाल्या.

"अहो, तुमच्या…"

"हमसें तौ भैया ने खुद कई ती, पेटी नीम के नैचें धरी जैहै! जिलेबी खात जाएँ और कहत जाएँ!"

"हमारे नीम के नीचे? वाह! पप्पाजी रोज वहीं चारपाई डालते हैं!"

"और हमाए इतै मिठाई बनत! मिठाई के बगल में कूड़ा?"

"अरी रजनी, दीप्ती, पहले पन्हा तो पी लो," अंबिकाबाई मध्ये पडल्या. "आशिष! पन्हं आण रे! नको, नको, तू नको येऊस! दारातच ठेव!"

आशिषने तांब्या दारात ठेवला. पडद्यापलीकडून एक हात आला, तांब्या घेऊन गेला, आणि पाठोपाठ निवेदिता आत आली. सासूसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची. स्वयंपाकघरात 'अहो'ची गरज नव्हती.

"कुणाकुणाला काय काय सांगितलंस?"

"निवी, ऐक तर…"

"ऐकतेच आहे. बाहेर अख्खा मोहल्ला ऐकतोय."

"दोघांना," आशिष म्हणाला. "फक्त दोघांना."

"फक्त! जागा दोनच होत्या, म्हणून दोघांना. चार असत्या तर चौघांना सांगितलं असतंस." तिचे डोळे भरून आले होते, आणि आशिषला तिच्या रागापेक्षा तेच जास्त लागलं. "दहा महिने मी त्या ढिगापायी चपला झिजवल्या रे. निगमात सगळे मला विचारायचे, भैयाजी नहीं आए? मी म्हणायचे, पार्षद मी आहे, मला सांगा. आणि तू इथे माझ्या नावाची खिरापत वाटत होतास. ठीक आहे. उद्या सदनात जाते आणि राजीनामा देऊन येते."

आता आशिष काहीही बोलला असता तरी ते खोटंच वाटलं असतं.

राधाबाईंनी सालांचं सूप बाजूला ठेवलं. "दे की राजीनामा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग पोटनिवडणूक होईल. दीप्ती उभी राहील आणि बोर्डावर यशवंतरावांचं नाव लागेल. ढीग जागेवर आणि गाईही खूश."

"आई, चेष्टा सुचते तुला?"

"चेष्टा कसली! जावईबापू, तुम्ही पार्षद पती म्हणता ना स्वतःला? आमच्या देवखाडीत त्याला नुसतं नवरा म्हणतात." आशिषची मान खाली गेली. "आणि नवऱ्यांचं तिथेही हेच. माझ्या पहिल्या वर्षी मासळीबाजार हलवायचा होता. सभेत ठराव, मग मुख्याधिकाऱ्यांचा शेरा, मग लोकांच्या हरकती, पुन्हा सभा. बाजार कागदावरच फिरत होता. तेवढ्यात ह्यांनी बर्फवाल्याला परस्पर शब्द दिला, बाजार तुझ्या कारखान्याशेजारी आणतो म्हणून."

"बाबांनी?" निवेदिता रडायची थांबली. "हे मला कधीच सांगितलं नाहीस."

"वडिलांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची असते होय? मी ह्यांना बाजारात नेलं आणि म्हटलं, ज्याने शब्द दिला त्यानेच तो परत घ्यायचा, मोठ्याने. घामाघूम झाले बिचारे. मग सगळ्या कोळणींना घेऊन मी जागा बघायला निघाले. टोपल्या डोक्यावर घेऊन त्या उभ्या राहिल्या. इथे भरतीचं पाणी येतं, इथे ऊन लागतं, इथे गिऱ्हाईक फिरकणार नाही. अर्ध्या सकाळीत जागा सापडली, ठराव मागाहून झाला. नाहीतरी समुद्राकाठी कुठलीही गोष्ट लांब ढकलून चालत नाही गं. लाट ती परत दारात आणून टाकते."

बाहेर दीप्ती आणि रजनी भाभी एकमेकींच्या सात पिढ्यांपर्यंत पोचल्या होत्या.

"मी जातो," आशिष म्हणाला.

"कुठे?"

"आत. म्हणजे बाहेर. बैठकीत."

"हळदीकुंकवात?" निवेदिताचे डोळे विस्फारले.

"मग काय करू? शब्द त्यांना दिलाय, तर त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवा ना?"

त्याने पडदा बाजूला केला. मुळ्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. दोघीतिघींनी डोक्यावर पदर ओढला, एकीने तर किंचाळीच फोडली, आणि अंबिकाबाई "अरे, अरे, गौर बसलीय! बाहेर हो!" म्हणत कुंकवाची कोयरी घेऊन उभ्याच राहिल्या.

"आई, होतो बाहेर. एकच वाक्य बोलतो." आशिषने हात जोडले. "रजनी भाभी, दीप्ती, मैंने आप दोनों के घर झूठा वादा किया। वो बात पार्षद की नहीं थी, मेरी थी। निवेदिता को मालूम भी नहीं था। मैं पार्षद नहीं हूँ। मुझे माफ कीजिए।"

मग रजनी भाभी म्हणाल्या, "हओ, और जिलेबी?" आणि बैठकीत हसण्याचा असा फवारा उडाला की दीप्तीलाही हसू आवरेना. फक्त ती हसून झाल्यावर म्हणाली, "वो सब ठीक है, भैया. पण पेटी जाणार कुठे?"

"चला, बघून येऊ," पाठोपाठ आलेली निवेदिता म्हणाली. तिने डोळे पुसले होते आणि पदर खोचला होता. "कचरा टाकायला रोज आपणच जातो ना? मग जागा आपणच बघू. सब चलिए!"

आणि मग लक्ष्मी गेटच्या त्या गल्लीने कधी पाहिली नव्हती अशी वरात निघाली. रेशमी साड्या, कपाळभर हळदीकुंकू, ओटीत हरभरे, पुढे निवेदिता, तिच्याशेजारी राधाबाई, आणि मागे "गौरीला एकटं सोडून कुठे चाललात गं!" म्हणत अंबिकाबाई. आशिष सगळ्यांच्या मागे, अंतर राखून. आपल्याला बोलावलं आहे की नाही, ह्याची त्याला खात्री नव्हती.

कडुनिंबापाशी निवेदिता थांबली. "गाडी इथवर येईल का?" सगळ्यांनी गल्लीची रुंदी पाहिली. स्कूटर समोर आली तर गाईला मागे सरावं लागायचं, तिथे निगमाची गाडी कुठली वळणार! काकांची चारपाई वाचली. दीप्तीने सुस्कारा सोडला.

दुकानामागची जागा रुंद होती, पण म्हाताऱ्या सावित्री अम्मा कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इत्ती दूर हम नईं आ सकत, बेटा. हम तौ उतई शाला की भींत पै डारहैं।" बाकीच्याही खाली बघायला लागल्या. सगळ्यांच्या मनात तेच होतं. पेटी लांब ठेवली की ढीग परत शाळेलाच लागणार.

"ऐसी जगह हो जो सबके रास्ते में पड़े," रजनी भाभी म्हणाल्या.

"और सड़क से लगी हो, कि गाड़ी आ सके," दीप्ती म्हणाली.

"शाळेपासून लांब."

"किसी के चूल्हे के पास नहीं।"

मघाशी एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या दोघी आता गळ्यात गळे घालून चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी येऊन दोघी एकदमच थांबल्या. समोर पत्र्याची शेड होती. खुर्च्या, कूलर, बोर्ड. कोपऱ्याला, ऐन रस्त्यावर, येताजाता सगळ्यांना लागणारी, आजूबाजूला ना चूल ना चारपाई.

कुणी काही बोलायच्या आधीच आशिषला कळलं.

"ही आमची घरची जागा आहे!" अंबिकाबाई गरजल्या. आशिषला जरा धीर आला. जागा आईच्या नावावर होती, आणि आई त्याच्या बाजूने नाही तर कुणाच्या?

"हो, विहीणबाई," राधाबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

अंबिकाबाईंनी शेडकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. मग सुनेच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "दहा महिने," त्या हळूहळू म्हणाल्या, "दहा महिने मी ह्या शेडमध्ये चहा पाठवतेय. सकाळी चहा, दुपारी चहा, आले-गेले त्यांना चहा. गॅसपाशी उभी राहून माझे गुडघे गेले. ठेवा पेटी. आजच ठेवा!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. फाटकातून यशवंतकाका काठी टेकत आले होते. त्यांना दीप्तीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि काकांच्या मिशा थरथरल्या. राग आला असेल म्हणून आशिषने मान खाली घातली, तर काका पोट धरून हसत होते. "अंबिका वहिनी," ते म्हणाले, दहा महिन्यांत पहिल्यांदाच, "चहा आता आमच्याकडे या प्यायला. करेल दीप्ती."

"थांबा," निवेदिताने हात वर केला. "ज्याला त्रास होणार त्याची हरकत विचारायची असते. कायदा सगळ्यांना सारखा." ती आशिषकडे वळली. सगळ्यांसमोर होती म्हणून 'अहो' म्हणाली, पण डोळ्यांत मिस्कील काहीतरी आलं होतं. "अहो, तुमची काही हरकत?"

"आहे," आशिष म्हणाला.

"सांगा."

"कूलर नवा आहे."

"सावित्री अम्मांच्या खोलीत लावू. आणखी?"

"लोक मला भेटायला कुठे येणार?"

"घरी. मी संध्याकाळी असते. आणखी?"

आशिषने आजूबाजूला पाहिलं. रजनी भाभी हसत होत्या, दीप्ती हसत होती, आई हसत होती, आणि ह्या सगळ्या बायका त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघत होत्या, ती आता काय म्हणते ते ऐकायला. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याला वाईट वाटत नव्हतं. असं लोकांनी तिच्याकडे बघावं असं त्याला कधीच वाटलं नव्हतं काय? वाटलं होतं. प्रचाराच्या दिवसांत रोज वाटायचं. नंतर खुर्चीच्या नादात तो ते विसरून गेला.

"बाकी काही नाही," तो म्हणाला.

"हरकत नामंजूर," निवेदिता म्हणाली, आणि अख्खी गल्ली हसली.

बायका गौरीकडे परतल्या. उरलेलं पन्हं प्यायची सगळ्यांनाच घाई झाली होती. आशिष खुर्च्या आत आणायला मागे राहिला. एकीवर एक रचत असताना त्याला चाहूल लागली. निवेदिता परत आली होती.

"राजीनामा?" त्याने विचारलं.

"देणार होते. खरंच देणार होते." ती एका खुर्चीवर बसली. पायातली चप्पल काढून तळवा चोळू लागली. "पुन्हा दिलास शब्द माझ्या नावाने, तर पद नाही सोडणार. तुला सोडीन."

"बरोबर आहे."

"उद्या काय करतोयस?"

"बँक. तुला सदनापाशी सोडतो आणि जातो. तिकडे मी अजिबात फिरकणार नाही, शपथ."

"रजा टाक," ती म्हणाली. मग थोडं थांबून, त्याच्याकडे न बघता: "मला बोलायला उभं राहिलं की घाम फुटतो रे. पाय लटपटतात. मागच्या बैठकीत अर्धंच बोलून खाली बसले, तुला सांगितलं नाही. तू आपला इथे दरबार भरवून बसला होतास. प्रेक्षकांत येऊन बस. समोरच. मला दिसशील असा."

आशिषच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. दहा महिने मोहल्ल्यातलं प्रत्येक माणूस त्याला कशासाठी ना कशासाठी शोधत आलं होतं. हिने आज पहिल्यांदा बोलावलं होतं.

"मी काय करायचं तिथे?"

"काहीच नाही. बसायचं."

"बोलायचं नाही?"

"एक अक्षर नाही."

"बसतो," आशिष म्हणाला, आणि तिच्या पायाजवळची चप्पल उचलून त्याने तिच्यापुढे सरळ करून ठेवली.